21 एप्रिल 2004: तळाला गेलेले तीन आवाज

बुधवार, 21 एप्रिल 2004. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर ‘अमेरिकन आयडॉल’ या गायनस्पर्धेच्या तिसऱ्या पर्वाचा निकाल चालू होता. स्पर्धेत सात जण उरले होते आणि त्या आठवड्यात सर्वांत कमी मतं कोणाला पडली, ते सूत्रसंचालक रायन सीक्रेस्ट सांगत होता. शेवटी तीन नावं उरली: फँटेशिया बॅरिनो, लटोया लंडन आणि जेनिफर हडसन. तिघी कृष्णवर्णीय. त्या सात जणांत गळ्यात सर्वांत जास्त ताकद असलेल्याही याच तिघी, असं मी त्या पर्वाची ध्वनिचित्रमुद्रणं आजही पाहिली तरी म्हणेन. घरी गेली ती जेनिफर. सातवा क्रमांक.

पाच आठवड्यांनी याच तिघींमधली फँटेशिया पर्वाची विजेती झाली. पावणेतीन वर्षांनी जेनिफर हडसनच्या हातात ऑस्कर होतं. त्यामुळे ही गोष्ट बहुतेक वेळा ‘हरलेलीच शेवटी जिंकली’ अशा थाटात सांगितली जाते. ऐकायला ती गोड वाटते, पण त्या रात्री नेमकं काय झालं हे त्यातून कळत नाही. जे आवाज चर्चमध्ये दहा-पंधरा वर्षं तयार होतात, त्यांना दीड-दोन मिनिटांच्या गाण्यावर आणि फोनच्या मतांवर तोललं की काय होतं, हे पाहायला मला हा एक आठवडा सर्वांत उपयोगी वाटतो.

गळा कुठे तयार झाला

जेनिफर शिकागोची, शहराच्या दक्षिण भागातल्या एंगलवूड वस्तीतली. जन्म 1981चा. तिची आजी चर्चमध्ये गायची आणि नात लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात, उभी राहिली. ज्याला आपण आज गॉस्पेल म्हणतो ते संगीत घडलं तेही याच शहरात. जॉर्जियातून आलेला थॉमस डॉर्सी हा मुळात ब्लूज वाजवणारा पियानोवादक, मा रेनीसारख्या गायिकेची साथ केलेला. 1930च्या दशकात त्याने शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये ब्लूजची लय आणि प्रार्थनेचे शब्द एकत्र आणले. सुरुवातीला जुन्या लोकांना हे रुचलं नाही, चर्चमध्ये दारूच्या गुत्त्याचं संगीत कशाला आणता, असा आक्षेप होता. न्यू ऑर्लीन्सहून आलेली महेलिया जॅक्सन याच शहरात राहून मोठी झाली. दक्षिणेतल्या शेतांवरून उत्तरेच्या कारखान्यांकडे आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांचं चर्च हेच गाव होतं आणि गाण्याची शाळाही तीच.

फँटेशिया नॉर्थ कॅरोलिनातल्या हाय पॉइंट गावची, 1984ची. घरात आई आणि आजी दोघीही धर्मोपदेशक. सगळं कुटुंब मिळून गॉस्पेल गायचं, गावोगावी कार्यक्रम करायचं. लटोयाचा आवाज या दोघींपेक्षा वेगळा, जॅझकडे झुकणारा, घोटीव, कुठेही फाटू न देणारा. सातांत चर्चचा आणखी एक गळा होता न्यू ऑर्लीन्सच्या जॉर्ज हफचा, पण तो त्या रात्री सुरक्षित होता.

चर्चमध्ये गाणं कसं चालतं ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मराठी वाचकाला ते समजायला जड जाऊ नये, कारण आपण भजन ऐकलेलं असतं. अभंग सुरू होतो तेव्हा संथ असतो, शब्द नीट कळतात. मग एकच ओळ धरली जाते, टाळकरी ती परत परत उचलतात, पखवाज लय वाढवतो आणि गजर येतो. गजरात शब्द कमी आणि ओढ जास्त. काळ्या अमेरिकन चर्चमध्ये या शेवटच्या टप्प्याला ‘व्हॅम्प’ म्हणतात. दोन-चार सुरावटींचं एक छोटं वळण हॅमंड ऑर्गन, ड्रम आणि कॉयर फिरवत राहतात आणि त्यावर मुख्य गायिका सुचेल ते गाते: हरकती, आर्त हाका, मध्येच बोलणं, मध्येच आवाज मुद्दाम खरखरीत करणं. समोरचे लोक ‘हो’, ‘गा मुली’, ‘आमेन’ असं म्हणून उत्तर देतात आणि त्या उत्तरावर ती पुढचा सूर ठरवते. मूळ गाणं चार मिनिटांत संपतं. व्हॅम्प दहा मिनिटंही चालतो. गायिकेची खरी परीक्षा तिथे असते.

या शिक्षणातून तीन गोष्टी अंगात भिनतात. एकाच अक्षरावर अनेक सूर घेत जाणं, म्हणजे त्यांच्याकडचं ‘रन’. छातीतला जड आवाज तसाच टिपेपर्यंत नेणं. आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून गाणं वाढवणं. टीव्हीने पहिल्या दोन उचलल्या. तिसरी त्याला झेपणारी नव्हती.

दीड-दोन मिनिटं

‘अमेरिकन आयडॉल’ 2002 साली सुरू झालं. मूळ ब्रिटनमधल्या ‘पॉप आयडॉल’चं, कल्पना सायमन फुलरची. तिसऱ्या पर्वात 16 ते 24 वयाच्या मुलामुलींना चाचणी देता येत होती. आठवड्याला एक विषय ठरलेला असे: कधी सोल, कधी कंट्री, कधी ब्रिटिश पॉपगायक एल्टन जॉनची गाणी, कधी चित्रपटातली. गाण्याला सुमारे दीड-दोन मिनिटं मिळत. म्हणजे एक अंतरा, ध्रुवपद, जमलं तर स्वर चढवून पुन्हा ध्रुवपद, की संपलं. जिथे गॉस्पेल गायिका तापायला लागते तिथे टाळ्या वाजतात आणि कॅमेरा परीक्षकांकडे वळतो.

म्हणून या मुली काय करतात? व्हॅम्पमध्ये जे यायचं ते सगळं पहिल्याच मिनिटात आणतात. रनवर रन, टिपेवर टीप. परीक्षक मग म्हणतात, फार झालं, फार ओरडतेस, गाण्याचा जीव कुठे आहे? ही टीका निव्वळ चुकीची नाही. पण तिचं मूळ गायिकेत कमी आणि घड्याळात जास्त आहे, हे मात्र कोणी बोलत नाही. गजराची लय आणून अभंगाच्या पहिल्याच ओळीला लावली तर कुठल्याही भजनीबुवाचं गाणं आदळआपट वाटेल.

या कोंडीतून फँटेशियाने काढलेली वाट मला आजही थक्क करते. निकालाच्या आधीच्या आठवड्यात, चित्रपटगीतांच्या फेरीत, तिने ‘समरटाइम’ निवडलं. हे गाणं मूळ 1935च्या एका ऑपेरातलं, अंगाईच्या चालीचं. ती मंचावर खाली बसली आणि जवळजवळ कुजबुजत सुरुवात केली. चर्चमधून आलेली खरखर तिने ताकद दाखवायला वापरलीच नाही, ती दुःखाला वापरली. दोन मिनिटांत व्हॅम्प बसत नाही हे ओळखून तिने तो केलाच नाही, व्हॅम्पच्या आधीची शांतता तेवढी गायली. तिला हे कोणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. ऐकणाऱ्याकडे पाहून गाणं ठरवायची जी चर्चची सवय, ती तिने समोरच्या कॅमेऱ्यालाही लावली.

जेनिफरचा प्रवास असा सरळ नव्हता. बारा जणांच्या अंतिम यादीत ती आली तीच परीक्षकांनी दिलेल्या वाइल्ड कार्डमधून, म्हणजे मागे पडलेल्यांना मिळणाऱ्या दुसऱ्या संधीतून. त्याआधी डिस्नेच्या पर्यटन जहाजावर गायची नोकरी तिने केली होती, म्हणजे रोजच्या रोज मंचावर उभं राहायची सवय होती. आधीच्या फेऱ्यांमध्येही ती तळाच्या तिघांत येऊन वाचली होती. मग एल्टन जॉनच्या गाण्यांच्या आठवड्यात तिचं गाणं असं रंगलं की त्या फेरीत सर्वांत जास्त मतं तिलाच पडली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, पॉपगायक बॅरी मॅनिलोच्या गाण्यांच्या फेरीनंतर, ती बाहेर होती.

दोन आठवड्यांत वरून खाली. एवढ्यात तिचा आवाज बदलला नव्हता.

मत कसं पडायचं

इथे यंत्रणा नीट पाहावी लागते, कारण अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

प्रेक्षक फक्त आवडत्याला मत देऊ शकत होता, नावडत्याच्या विरोधात देऊ शकत नव्हता. एका माणसाने किती वेळा फोन करावा याला आडकाठी नव्हती. कार्यक्रम संपला की दोन तास लाइन उघडी. या दोन तासांत जो चिकाटीने पुन्हा पुन्हा नंबर फिरवेल त्याचं वजन जास्त. म्हणजे मोजलं जात होतं ते किती लोकांना गाणं आवडलं हे नाही, तर किती जण बोटं दुखेपर्यंत फोन करायला तयार आहेत हे. आणि त्यातही कोणाचा फोन लागतो हे.

समजा शंभर घरांपैकी साठ घरांना दमदार, चर्चच्या वळणाचा आवाज आवडतो. त्यांच्यासमोर तशा तीन गायिका आहेत. साठ घरं तिघींत वाटली गेली, प्रत्येकीला वीस. उरलेल्या चाळीस घरांना शांत, जुन्या धाटणीचं गाणं गाणारा एकच मुलगा आवडतो. त्याला चाळीस. बहुसंख्यांची आवड तळाला आणि अल्पसंख्यांची वर. हे प्रत्यक्षातले आकडे नाहीत, कोणाला किती मतं पडली हे वाहिनी दर आठवड्याला जाहीर करत नव्हती. पण गणित या जातीचं होतं. त्या पर्वात जॉन स्टीव्हन्स नावाचा सोळा वर्षांचा लाल केसांचा मुलगा होता, फ्रँक सिनाट्राच्या काळातलं गाणं गायचा. परीक्षकांना तो कच्चा वाटायचा, तरी तो टिकला होता. जेनिफर गेल्यावर लोकांचा सगळा राग त्याच्यावर निघाला. मुलाचा यात काहीच दोष नव्हता. पुढच्याच आठवड्यात तोही गेला.

यात ‘ही तर वाचणारच’ हा समज मिसळला. दोन आठवड्यांपूर्वी वर असलेल्या गायिकेसाठी कोण रात्री दोन तास फोन फिरवत बसेल? मतं काठावरच्याला जातात, हे आपल्याकडच्या स्पर्धा पाहणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

भूगोलही आला. जॅस्मिन ट्रायस ही स्पर्धक हवाईची. अमेरिकेत प्रत्येक कालविभागात कार्यक्रम तिथल्या संध्याकाळी दिसतो आणि दोन तासांची खिडकीही तेव्हाच उघडते. हवाईची खिडकी उघडायची तेव्हा मुख्य भूमीवरचे लोक झोपायला लागलेले असत, त्यामुळे बेटांवरून फोन पटापट लागत. मोठ्या शहरात मात्र तिथली खिडकी उघडी असताना ‘व्यस्त’ असा सूर ऐकू यायचा. शिवाय मतदानाच्या त्या मंगळवारी संध्याकाळी इलिनॉय राज्यात चक्रीवादळं आली होती. जेनिफरच्या शिकागो परिसरात काही घरांची वीज गेली आणि मतं पडली नाहीत, असं तेव्हा बोललं गेलं. याने निकाल फिरला असेल असं मला वाटत नाही, पण ‘देशाने ठरवलं’ या वाक्यात किती गोष्टी दडलेल्या असतात ते मात्र कळतं.

आपल्याकडे हीच चौकट 2004च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडियन आयडॉल’ म्हणून आली आणि मुंबईचा अभिजीत सावंत तिचा पहिला विजेता ठरला. 2007च्या तिसऱ्या पर्वात दार्जिलिंगच्या डोंगरातून प्रशांत तमांगला आणि मेघालयातून अमित पॉलला एसएमएसचे डोंगर कसे पडले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना हवाईचं नवल वाटणार नाही. कधीही टीव्हीवर न दिसणाऱ्या लोकांना आपला माणूस दिसला की ते मत गाण्याला देत नाहीत, स्वतःला देतात. मला त्यात गैर वाटत नाही. फक्त त्याला गाण्याचा निकाल म्हणू नये.

एल्टन जॉनचा आरोप

निकालानंतर आठवडाभरातच एल्टन जॉन पत्रकारांसमोर बोलला. तो याच पर्वात पाहुणा मार्गदर्शक होता, या मुलींना त्याने जवळून ऐकलं होतं. ज्या तिघींनी आपल्याला खरंच भारावून टाकलं त्या तिघी तरुण कृष्णवर्णीय गायिका आहेत, त्याच पुन्हा पुन्हा तळाला जातात आणि हे आपल्याला कमालीचं वर्णद्वेषी वाटतं, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता. वाद पेटला. वाहिनीच्या बाजूने उत्तर सोपं होतं: आदल्याच वर्षी अलाबामाचा रुबेन स्टडर्ड जिंकला होता, तोही कृष्णवर्णीय, तोही चर्चमध्ये गाणारा. आणि महिन्याभरात फँटेशिया जिंकली तेव्हा आरोप खोटा ठरला असं अनेकांना वाटलं.

मला वाटतं दोन्ही बाजू जिथे थांबल्या तिथून खरा प्रश्न सुरू होतो. मतं विभागली गेली हे गणित मान्य. पण मतं तिघींत विभागायला आधी त्या तिघी लोकांच्या डोक्यात एकाच खणात बसाव्या लागतात. त्या पर्वात त्यांना ‘तीन डीव्हा’ म्हटलं जाई. एकीचा आवाज जॅझमधून आलेला, एकीचा बॅप्टिस्ट कॉयरमधून, एकीचा घरच्या छोट्या चर्चमधून. एकीचं गाणं घोटीव, एकीचं भव्य, एकीचं खरखरीत. तरी नाव एकच. गोऱ्या मुलांचा असा एकच गट कोणी केला नाही. लाल केसांचा मुलगा हा ‘जुनी गाणी गाणारा’, डायना डिगार्मो ही ‘जॉर्जियाची सोळा वर्षांची मुलगी’, प्रत्येकाला स्वतःचा खण. वर्ण इथे काम करत होता, पण तो फोन न करण्यातून नव्हे तर नाव ठेवण्यातून. गणिताचं काम त्यानंतर सुरू झालं.

फँटेशियाला तर आणखी एक गोष्ट सोसावी लागली. ती एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली आई होती, मुलगी तीन वर्षांचीही नव्हती. ही कसली ‘आदर्श’, असा सूर प्रेक्षकांच्या एका गटातून निघाला. तिने मुलीचं नाव लपवलं नाही, गाणंही मवाळ केलं नाही.

26 मे 2004ला हॉलिवूडच्या कोडॅक थिएटरमध्ये अंतिम निकाल लागला. साडेसहा कोटी मतं पडली होती आणि फँटेशियाने डायनाला सुमारे 13 लाखांनी मागे टाकलं. तिचं पहिलंच गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. पहिल्याच गाण्याला असा मान त्याआधी कोणाला मिळाला नव्हता.

नंतर

जिंकण्याची दुसरी बाजू पुढच्या वर्षी बाहेर आली. शाळा अर्धवट सोडलेल्या फँटेशियाने 2005 साली आत्मकथनातून सांगितलं की तिला धड वाचता येत नव्हतं. करारांवर तिने सह्या केल्या त्या न वाचता. टीव्हीवर समोर ठेवलेला मजकूर वाचायचा आला की ती वेळ मारून नेत होती. लेकीला झोपताना गोष्ट वाचून दाखवता येत नाही, हे तिला सर्वांत लागत होतं. इतक्या मोठ्या यंत्रणेत, जिथे केसांपासून बुटांपर्यंत सगळं पाहायला माणसं नेमलेली, तिथे एका मुलीला समोरचा कागद वाचता येतो का हे कोणाच्या ध्यानात येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

जेनिफरला स्पर्धेनंतर लगेच कोणी डोक्यावर घेतलं नाही. मग ‘ड्रीमगर्ल्स’ चित्रपटासाठी एफी या भूमिकेचा शोध सुरू झाला. एफी म्हणजे तिघींच्या गायनगटातली सर्वांत मोठ्या आवाजाची मुलगी, जिला दिसण्यापायी मागे ढकललं जातं. 783 जणींच्या चाचण्या झाल्या, त्यांत फँटेशियाही होती. भूमिका जेनिफरला मिळाली. चित्रपटात एफीचं गाणं मध्येच तोडायची घाई नव्हती. ती विनवते, चिडते, तीच ओळ पुन्हा धरते, आवाज फाटू देते. चर्चमध्ये शिकलेलं सगळं तिथे मावलं. 25 फेब्रुवारी 2007ला तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, त्याच कोडॅक थिएटरमध्ये. 2022मध्ये रंगभूमीचा टोनी पुरस्कारही आल्यावर एमी, ग्रॅमी, ऑस्कर आणि टोनी असे चारही पुरस्कार तिच्याकडे जमा झाले.

लटोयाचं नाव या कहाणीत सहसा गळून पडतं. ती त्या पर्वात चौथी आली, 12 मेच्या निकालात गेली. तेव्हाही अनेकांना धक्का बसला, पण तिच्या वाट्याला ना विजय आला ना ऑस्कर, म्हणून तिची आठवण कमी निघते. ती रंगभूमीवर गात राहिली.

‘द कलर पर्पल’ नावाचं एक संगीत नाटक आहे. जॉर्जियातल्या गरीब कृष्णवर्णीय बायकांची ही गोष्ट, दोन बहिणींच्या ताटातुटीची, आणि तिच्या मध्यभागी चर्च आहे. 2007मध्ये ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या मुख्य रंगभूमीवर, यातली नायिका सीली फँटेशियाने उभी केली आणि लोक ती पाहायला रांगा लावून आले. नाटक देशभर दौऱ्यावर निघालं तेव्हा सीलीची धाकटी बहीण नेटी झाली लटोया लंडन. पुढे फँटेशियाही दौऱ्यात आली आणि दोघी एका मंचावर बहिणी म्हणून गायल्या. 2015च्या अखेरीस ब्रॉडवेवर नाटक पुन्हा उभं राहिलं, तेव्हा सीलीला गाण्याची आणि स्वतःची ओळख करून देणारी गायिका शुग एव्हरी साकारली जेनिफर हडसनने.